नाथांचे घर



फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणला जाऊन आलेल्या माणसाने एक गोष्ट पाहिलेली असते. तेथे नाथांची दोन मंदिरे. एक गावाबाहेर गोदातीरी, तेथे समाधी आहे. दुसरे गावात, तेथे नाथांचा वाडा होता. लोक बाहेरचे नाथ आणि आतले नाथ असे म्हणतात. समाधीवर डोके ठेवायला सारेच जातात; पण नाथांच्या दर्शनाला आलेला माणूस त्यांच्या घराचा उंबरठाही चढल्याशिवाय परतत नाही. आज आपण त्या आतल्या नाथांचे स्मरण करू. ग्रंथकार नाथ नव्हेत, तर नातू, बाप आणि आजोबा झालेले नाथ.

शके 1521, म्हणजे सन 1599 साली, याच षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला अनुग्रह, नाथांची व त्यांची भेट, स्वामींची समाधी आणि नाथांची समाधी, अशी पाच पर्वे परंपरा या एका तिथीला मानते. पण या पाचांच्या आधी एक म्हातारा उभा आहे. त्याचे नाव आपण कीर्तनात एकदा घेतो आणि पुढे जातो. ते चक्रपाणी, भानुदासांचे चिरंजीव आणि नाथांचे आजोबा.

नाथांचे आईवडील ते लहान असतानाच गेले. पोटचा मुलगा गेला, सून गेली. मांडीवर तेवढे पोर राहिले. म्हातारा-म्हातारीने ते पोर वाढवले, मुंज केली, विद्या दिली. आणि एके रात्री बाराएक वर्षांचे ते पोर कोणाला न सांगता गुरूच्या ओढीने देवगिरीला निघून गेले! आम्ही कीर्तनकार येथे काय करतो? पोराबरोबर देवगिरीची वाट धरतो. जमाखर्चातली एका पैची चूक, नाथांचा आनंद, स्वामींची कृपा, सगळे रंगवून सांगतो. श्रोतेही डोलतात. पण अहो, सकाळी अंथरूण रिकामे पाहून त्या दोन म्हाताऱ्या जिवांचे काय झाले असेल, हे कोणी विचारत नाही.

जनार्दनस्वामींनी मात्र विचारले. चक्रपाणी शोध घेत देवगिरीला पोहोचले तेव्हा नाथ तीर्थयात्रेला गेले होते. स्वामींनी म्हाताऱ्याच्या हाती पत्र दिले: हे पत्र जेथे मिळेल तेथेच राहावे. पुढे नाथ फिरत फिरत पैठणला आले, तरी घरी गेले नाहीत. आजोबांनी त्यांना वाटेत गाठले आणि पत्र पुढे केले. नाथ तेथेच थांबले. त्याच जागी घर झाले, असे परंपरा सांगते. गुरूची आज्ञा झाली तीही संसार कर अशीच. स्वामी स्वतः देवगिरीचे किल्लेदार, कारभार सांभाळून भजन करणारे. आजोबाला रडवून मिळवलेला परमार्थ त्यांना पुरा वाटला नाही, असे आम्हांला वाटते.

कोणी म्हणेल, महाराज, संसार हा तर बंध. आम्ही म्हणतो, बंध खरा, पण कोणाला? शास्त्रात देहलीदीपन्याय सांगितला आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि अंगणातही. दिवा कोपऱ्यात कोंडला तर अंगण अंधारात, अंगणात नेला तर घर अंधारात. नाथांचा दिवा उंबरठ्यावर होता. बाहेर त्यांनी वाळवंटात होरपळणारे महाराचे मूल कडेवर उचलले, आणि घरात काय केले ते ऐका.

नाथांना राग आणून दाखवीन अशी पैज घेऊन एक ब्राह्मण घरात शिरला. नाथांच्या मांडीवर जाऊन बसला, नाथ हसले. जेवायच्या वेळी गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तर तो त्यांच्या पाठीवरच बसला. नाथ म्हणाले, जपा हो, ब्राह्मण पडेल. बाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन काम करायची मला सवय आहे. नाथांच्या शांतीचे गोडवे आपण गातो. पण मंडळी, ज्या घरात बायको असे उत्तर देते, तेथे शांती एकट्या पुरुषाची नसते.

आता तो हरी मोठा झाला. हरिपंडित झाला, शास्त्र शिकला. वडील पुराण सांगतात ते प्राकृतात, जेवतात परक्याच्या घरी, हे त्याला खपेना. तो रुसून काशीला निघून गेला. येथे जरा थांबा. याच काशीत सन 1573 साली नाथांनी मराठी भागवत पुरे केले. मराठीत ग्रंथ का, म्हणून तिथल्या पंडितांनी विरोध केला, असे परंपरा सांगते. नाथ हटले नाहीत. ते नाथ आता लेकाची समजूत काढायला काशीला गेले. लेकाने दोन अटी घातल्या, प्राकृत पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथ म्हणाले, बरे. काशीच्या पंडितांपुढे जी मराठी सोडली नाही, ती मुलगा घरी यावा म्हणून सोडली!

मुलगा पुराण सांगू लागला आणि श्रोते ओसरू लागले. नाथ गप्प. शेवटी सहस्रभोजनाचा नवस राहिलेली एक गरीब बाई आली. नाथ एकटे जेवले तरी नवस फिटेल, म्हणाली. अट मोडू नये म्हणून तिच्या घरी स्वयंपाक हरिपंडितांनी स्वतः केला. जेवण झाल्यावर नाथांचे पान उचलले तर खाली दुसरे पान, ते उचलले तर तिसरे. अशी हजार पाने निघाली, अशी कथा आहे. हरिपंडितांनी बापाचे पाय धरले. नाथांनी मुलाला वादात जिंकले नाही. वाट पाहिली.

ही कथा सांगताना आमचा आवाज अडतो. त्याचे कारण आज सांगून टाकतो. आम्ही पाठशाळेतून लघुकौमुदी घोकून गावी आलो, तेव्हा आमचे आजोबा पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणत. ऐकून ऐकून पाठ झालेले. विसर्ग गळत, जोडाक्षरे मोडत. एका एकादशीला चार माणसांत आम्ही त्यांना अडवले. म्हणालो, "आजोबा, हे अशुद्ध आहे, दोष लागतो." ते म्हणाले, "बरं बाळा, तू म्हण, मी ऐकतो." त्यानंतर त्यांनी मोठ्याने कधी म्हटले नाही, नुसते ओठ हलत. ते गेले तेव्हा आम्ही परगावी सप्ताहात होतो. मागून आजीने सांगितले, "शेवटच्या रात्री त्यांनी विचारलं, पोर घरात नाही ना? आणि मग मोठ्यानं सगळं म्हटलं."

हरिपंडितांना बापाचे पाय धरायला मिळाले. आम्हांला मिळाले नाहीत.

नाथ पुढे आजोबा झाले. त्यांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर. तो जन्मतः मुका होता आणि आजोबांच्या कृपेने त्याला वाचा फुटली, असे सांगतात. ज्याने महाभारताची पर्वे मराठीत आणली, तोच हा नातू. आणि नात्याचा नसलेला एक नातूही त्या घरात होता, गावबा. पुरणपोळीवाचून ज्याचे चालत नसे, मंत्र म्हणून एकनाथ एवढेच ज्याच्या तोंडी येई, असा तो भोळा मुलगा. भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळीस अध्यायांपर्यंत आणून नाथांनी लेखणी ठेवली. पुढचा ग्रंथ पुरा केला तो या गावबाने. पंडित मुलगा घरात असताना पोथी गेली पुरणपोळी मागणाऱ्या पोराकडे. ज्या लेकराला आजोबांनी आपल्या पोरासोडून जाणे सोसले, त्याच लेकराने पुढे कोणाचेही पोर घरातून उपाशी वा मुके जाऊ दिले नाही. चक्रपाणींचे ऋण असे फिटले.

म्हणून सज्जनहो, षष्ठीला पैठणला जाल तेव्हा आतल्या नाथांच्या उंबरठ्यावर क्षणभर थांबा. घरी कोणी म्हातारे माणूस चुकीचे स्तोत्र म्हणत असेल तर म्हणू द्या. आज आमचा नातू हरिपाठात चरण गाळतो. आम्ही ऐकतो, आणि टाळ वाजवत राहतो.

बोला पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!