आजार, यश आणि संशयाची हद्द

ख्रिस फ्रूम हा नैरोबीत जन्मलेला, ब्रिटनकडून खेळलेला सायकलपटू. 2011 च्या उन्हाळ्यापर्यंत त्याच्याकडे भावी विजेता म्हणून कोणी पाहत नव्हते. 2008 च्या टूर द फ्रान्समध्ये तो ऐंशीच्या पुढच्या क्रमांकावर राहिला होता. 2010 च्या जीरो द इटालियात घाट चढताना मोटारसायकल धरल्याबद्दल त्याला शर्यतीतून बाद करण्यात आले. त्या वर्षाच्या अखेरीस त्याला शिस्टोसोमियासिस, म्हणजेच बिलहार्झिया, झाल्याचे निदान झाले. उपचार सुरू झाले आणि 2011 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्पेनच्या तीन आठवड्यांच्या व्हुएल्ता शर्यतीत त्याने पेन्या काबार्गाचा घाटाचा टप्पा जिंकला आणि एकूण क्रमवारीत अवघ्या 13 सेकंदांनी दुसरा आला. पुढे 2013, 2015, 2016 आणि 2017 अशी चार वर्षे टूर द फ्रान्स त्याने जिंकली. एवढ्या झेपेचे एक कारण म्हणून त्याने आजार बरा होण्याकडे बोट दाखवले. पुष्कळ चाहत्यांनी ते मानले नाही, त्यांना उत्तेजकांचा संशय होता.

या वादात वैद्यकाइतकाच ज्ञानशास्त्राचा प्रश्न आहे. स्वतःच्या शरीराविषयी माणसाने दिलेली साक्ष कितपत प्रमाण मानावी? ‘मी काही केले नाही’ हे कोणी कसे सिद्ध करावे? आणि संशय घेणाऱ्यावर काही जबाबदारी असते की नाही? भारतीय दर्शनांनी हे प्रश्न सायकलचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी मांडले आणि त्यांची छाननी आजही उपयोगी पडते.

आधी आजार समजून घ्यायला हवा, कारण फ्रूमच्या स्पष्टीकरणाची बरीचशी थट्टा अज्ञानातून झाली. शिस्टोसोमा हे रक्तवाहिन्यांत राहणारे चपटे कृमी. त्यांचा शोध थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरने 1851 मध्ये कैरोत लावला. कृमींच्या अळ्या गोड्या पाण्यातील गोगलगायींमधून बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून थेट शरीरात शिरतात. मोठे झालेले कृमी आतडे किंवा मूत्राशय यांच्याभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षे राहून अंडी घालतात. खरी हानी होते ती अंड्यांमुळे. ऊतींत अडकलेल्या अंड्यांभोवती शरीर दाह निर्माण करते, रक्त जाते, पंडुरोग होतो, सततचा थकवा येतो. या आजाराचा सर्वाधिक भार आफ्रिकेवर असला तरी महाराष्ट्राला तो अगदीच परका नाही. 1952 मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात त्याचे रुग्ण नोंदवले होते. उपचारासाठी प्राझिक्वांटेल हे औषध देतात. ते मोठ्या कृमींना मारते, कोवळ्या कृमींवर मात्र त्याचा प्रभाव कमी पडतो, म्हणून पुन्हा डोस द्यावा लागतो. फ्रूमलाही तो एकाहून अधिक वेळा घ्यावा लागला. आफ्रिकेतील मुलांत या आजाराने वाढ खुंटते, शिकण्याची ताकद घटते आणि उपचारानंतर बहुतेक वेळा ती परत येते. तेव्हा हा आजार खेळाडूची दमछाक करील आणि बरा झाल्यावर त्याची कामगिरी सुधारेल, यात चमत्कार काहीच नाही. चमत्काराच्या साक्षीविषयी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये कडक कसोटी सांगितली होती. ती येथे लावण्याचे कारणच नाही.

तरीही चाहते चिडले होते आणि त्यांच्या चिडण्याला इतिहास होता. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला ऑक्टोबर 1996 मध्ये कर्करोगाचे निदान झाले, तो बरा झाला आणि त्याने 1999 ते 2005 या काळात सलग सात वेळा टूर जिंकली. मृत्यूच्या दारातून परतून शिखर गाठणाऱ्या माणसाच्या त्या कथेवर लाखोंनी विश्वास टाकला, अनेक रुग्णांनी तिच्या आधाराने दिवस काढले. 2012 मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याची ही सारी विजेतेपदे काढून घेतली आणि जानेवारी 2013 मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर उत्तेजके घेतल्याची कबुली दिली. सहा महिन्यांनी टूरची शंभरावी शर्यत झाली आणि ती फ्रूमने जिंकली. पुन्हा एक आजार, पुन्हा एक पुनरागमन. एकदा फसलेल्या श्रोत्यांना तीच गोष्ट नव्या माणसाच्या तोंडून ऐकू येत होती. त्यांचा अविश्वास समजण्यासारखा होता.

मीमांसकांचे, म्हणजे मीमांसा दर्शनाच्या अनुयायांचे, एक प्रसिद्ध उदाहरण येथे लागू पडते. देवदत्त लठ्ठ आहे आणि तो दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असला पाहिजे. दोन माहीत गोष्टींचा मेळ तिसरी न दिसलेली गोष्ट मानल्याशिवाय बसत नसेल, तर ती मानावी लागते. या प्रमाणाला, म्हणजे ज्ञानाच्या साधनाला, अर्थापत्ती म्हणतात. संशयी चाहत्याचा युक्तिवाद नेमका हाच होता: हा खेळाडू सामान्य होता, अचानक असामान्य झाला, तेव्हा मधल्या काळात कोणी न पाहिलेले काही घडले असले पाहिजे. फ्रूमचे उत्तरही त्याच सांगाड्यावर उभे होते. क्षमता आधीपासून होती, ती दिसत नव्हती, तेव्हा तिला खाणारे काही आत असले पाहिजे. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक अर्थापत्ती मांडली होती. पण अर्थापत्तीला एक कडक अट आहे. मानलेली गोष्ट सोडून दुसऱ्या कशानेही मेळ बसता कामा नये. तो बसत असेल तर युक्तिवाद अन्यथासिद्ध ठरतो आणि गळून पडतो.

येथे दुसरे स्पष्टीकरण उपलब्ध होते. फ्रूमने 2015 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत स्वतःची चाचणी करून घेतली आणि वर्षअखेरीस तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यासोबत 2007 मधील लोझानच्या चाचणीचे आकडेही पुढे आले. 2007 मध्ये प्रत्येक किलो वजनामागे मिनिटाला 80.2 मिलिलिटर ऑक्सिजन वापरण्याची त्याची क्षमता होती आणि वजन 75.6 किलो होते. 2015 मध्ये हेच आकडे 84.6 मिलिलिटर आणि 69.9 किलो असे होते. गुणाकार केला तर दोन्ही वेळी शरीराची एकूण क्षमता मिनिटाला सहा लिटरच्या आसपास येते. घाटात वजनाचे महत्त्व फार असते, त्यामुळे तेवढ्याच क्षमतेवर जवळजवळ सहा किलो कमी वजन घेऊन चढणारा माणूस पुष्कळ पुढे जातो. हे आकडे खरे मानले तर ‘काहीच नव्हते, एकाएकी सारे आले’ हे संशयी लोकांचे पहिले गृहीतक ढासळते. पण त्याच वेळी आजार हे एकमेव स्पष्टीकरण उरत नाही. आजाराने त्याला किती मागे ठेवले आणि वजन घटल्याने तो किती पुढे गेला, याची फोड करणे शक्य नाही. निरोगी फ्रूम 2009 किंवा 2010 मध्ये कसा धावला असता हे कोणीच पाहिलेले नाही. या प्रकरणाचा सर्वांत अवघड भाग हाच आहे आणि दोन्ही बाजूंनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

राहिला चाचण्यांचा मुद्दा. फ्रूम उत्तेजक चाचणीत कधी सापडला नाही, म्हणून तो निर्दोष आहे, असे समर्थक म्हणत. आर्मस्ट्राँगही आपल्या बचावासाठी हेच सांगत असे. एखादी गोष्ट दिसली नाही यावरून ती नाही असे केव्हा म्हणता येते? मीमांसक आणि वेदान्ती यांचे उत्तर नेमके आहे: ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. 1999 च्या टूरच्या वेळी इपीओ या उत्तेजकासाठी चाचणीच नव्हती, ती 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून आली. म्हणजे आर्मस्ट्राँगच्या त्या वर्षीच्या चाचण्या अंधारातल्या होत्या. फ्रूमच्या काळात दिवा बराच मोठा झाला होता. 2008 पासून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने जैविक पासपोर्ट लागू केला. त्यात खेळाडूच्या रक्तातील हिमोग्लोबिन आणि नव्या तांबड्या पेशी यांचे प्रमाण वर्षानुवर्षे नोंदवून त्याच्याच नेहमीच्या पातळीशी ताडून पाहतात. दिवा मोठा झाला तरी सगळा अंधार गेला असे कोणी म्हणू नये. अतिसूक्ष्म मात्रा त्यातूनही निसटू शकतात. पण 1999 ची शांतता आणि 2013 ची शांतता यांचे वजन सारखे नाही, एवढे निश्चित.

या पासपोर्टाची ताकद दाखवणारे उदाहरण 2011 च्या व्हुएल्तातच आहे. फ्रूमला 13 सेकंदांनी हरवणारा स्पेनचा हुआन होसे कोबो याच्या 2009 ते 2011 या काळातील रक्तनोंदींत विसंगती आढळल्या आणि 2019 मध्ये त्याचे विजेतेपद काढून फ्रूमला देण्यात आले. त्या शर्यतीविषयीचा संशय खरा निघाला, फक्त बहुतेकांचे बोट ज्याच्याकडे होते तो माणूस त्यात नव्हता.

मग आरंभ कोठून करायचा, विश्वासापासून की अविश्वासापासून? सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांचे मत असे की ज्ञान मुळातच प्रमाण असते. विरोधी ज्ञानाने त्याचा बाध झाला किंवा त्याच्या उगमात दोष सापडला, तरच ते टाकावे. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नाही. त्यांच्या मते ज्ञान प्रमाण आहे हे बाहेरून, त्याच्या फळावरून ठरवावे लागते. आर्मस्ट्राँगनंतरचे चाहते नैयायिकांच्या बाजूला गेले, असे म्हणता येईल. कुमारिलांच्या चौकटीतही त्यांना जागा होती, कारण साऱ्या व्यवसायाच्या उगमातच दोष असल्याचे उघड झाले होते. मात्र उगमातला दोष त्या-त्या ज्ञानाच्या उगमात दाखवावा लागतो. एका साक्षीदाराने खोटे सांगितले म्हणून पुढच्या प्रत्येक साक्षीदाराला खोटे ठरवता येत नाही, त्याची उलटतपासणी अधिक कसून करता येते. नैयायिक वात्स्यायनांनी आप्ताची, म्हणजे विश्वासार्ह वक्त्याची, लक्षणे सांगताना विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान आणि जसे आहे तसे सांगण्याची इच्छा या दोन गोष्टी मागितल्या आणि ऋषी, आर्य, म्लेंच्छ सर्वांना तीच कसोटी लावली. स्वतःच्या थकव्याचे प्रत्यक्ष ज्ञान रुग्णाशिवाय दुसऱ्याला नसते, पहिली अट फ्रूम पूर्ण करतो. दुसरीत त्याचा स्वार्थ आड येतो. म्हणून त्याची साक्ष फेटाळण्याचे कारण नाही, आणि ती एकटी पुरेशी मानण्याचेही नाही.

फ्रूमच्या संघाने 2013 मध्ये त्याच्या अनेक घाटांतील शक्तीचे आकडे तज्ज्ञाला तपासायला दिले. पुढे प्रयोगशाळेची चाचणीही झाली. दर वेळी संशय नव्या जागी सरकला: आकडे अपुरे, चाचणी उशिरा, जुना कागद अविश्वसनीय. यातील काही आक्षेप रास्त होते. काही असे होते की कोणत्याही उत्तराने शमले नसते. संशयाच्या या दुसऱ्या प्रकाराला नैयायिक उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात उत्तर दिले आहे. स्वतःच्या वागण्याशी विरोध आला की संशय तेथे थांबला पाहिजे, असे ते म्हणतात. धुराला अग्नी लागतो की नाही याची शंका घेणारा माणूस धूर हवा असेल तेव्हा अग्नीच पेटवतो. वेदान्ती श्रीहर्षांनी नंतर या उत्तरावर कडवी टीका केली आणि तत्त्वज्ञानात तो वाद मिटला असे नाही. क्रीडारसिकासाठी मात्र उदयनांची कसोटी पुरेशी आहे. कोणताही पुरावा मानायचा नाही असे ठरवणारा माणूस दूरवरून घड्याळ लावून काढलेले शक्तीचे अंदाज मात्र निःशंकपणे मानत असेल, तर तो चौकशी सोडून बसलेला असतो. कोणती गोष्ट सापडली तर आपले मत बदलेल हे ज्याला आधी सांगता येते, त्याचाच संशय ज्ञानाच्या कामाचा.

हा नियम फ्रूमच्या विरोधातही लागू होतो आणि तसा प्रसंग आला. सप्टेंबर 2017 मध्ये व्हुएल्ताच्या वेळी त्याच्या लघवीत दम्यावरील साल्ब्युटामॉल हे औषध मर्यादेच्या दुप्पट, मिलिलिटरमागे 2000 नॅनोग्रॅम आढळले. दमा आपल्याला पूर्वीपासून आहे आणि मर्यादेत राहूनच औषध घेतले, असे त्याने सांगितले. जुलै 2018 मध्ये महासंघाने प्रकरण बंद केले. निर्णयामागची सारी शास्त्रीय कागदपत्रे लोकांसमोर मांडली गेली असती तर बरे झाले असते. बंद दाराआड मिळालेली निर्दोषता कायद्याला पुरते, पण श्रोत्याला ती पटत नाही. या ठिकाणी शंका जिवंत ठेवणाऱ्यांना दोष देता येणार नाही.

विश्वास न ठेवणे आणि आरोप करणे या दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवायला हव्यात. ‘मला माहीत नाही’ असे म्हणणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही. ‘त्याने उत्तेजक घेतले’ हे विधान आहे आणि त्याचा भार बोलणाऱ्यावर येतो. 2015 च्या टूरमध्ये मांदच्या टप्प्यावर रस्त्याकडेच्या एका प्रेक्षकाने उत्तेजकाचा आरोप ओरडत फ्रूमवर लघवी फेकली. त्या क्षणी त्या प्रेक्षकाकडे कोणतेच प्रमाण नव्हते. ज्याचा आजार खरा असेल, त्याला आपले दुखणे इतरांच्या हसण्याचा विषय झालेले पाहावे लागणे हा अन्यायच आहे आणि तो आर्मस्ट्राँगने ज्यांना फसवले त्यांच्याकडूनच घडावा, हे अधिक दुःखाचे.

फ्रूम संशयातीत आहे असे म्हणण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, तो दोषी आहे असे म्हणण्याइतकाही नाही. त्याच्याविरुद्ध उत्तेजकाचा कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नसून टूर द फ्रान्सची त्याची चारही विजेतेपदे नोंदीत कायम आहेत.