घसारा

घसारा हा शब्द मी पहिल्यांदा अकरावी कॉमर्सच्या वर्गात ऐकला आणि तेव्हापासून तो माझ्या मागे लागला आहे. सायन्सला गेलेल्या पोरांना न्यूटन भेटला, आर्ट्सवाल्यांना कालिदास भेटला, शिवाय मुली भेटल्या. आमच्या वाट्याला घसारा आला. वस्तू वापरली की झिजते, झिजली की तिची किंमत उतरते आणि ती उतरलेली किंमत दरसाल वहीत लिहायची, एवढाच त्याचा अर्थ. लिहिण्याच्या रीती दोन. एक सरळ रेषेची. दरसाल ठरावीक रक्कम उडवायची आणि वस्तू एक दिवस शून्यावर आणून ठेवायची. दुसरी घटत्या शिलकीची. तिच्यात उरलेल्या किमतीचे ठरावीक टक्के उडवतात, त्यामुळे किंमत घटत राहते पण शून्य काही होत नाही. एक लाखाचं यंत्र घ्या आणि दरसाल 20 टक्के घसारा लावा. चाळीस वर्षांनी 13 रुपये 29 पैसे उरतात!

मी उभा राहून विचारलं, "सर, हे तेरा रुपये एकोणतीस पैसे नक्की कशाचे?"

सर म्हणाले, "खाली बस."

बँकेत बावीस वर्षं काढली, पण या प्रश्नाचं याहून समाधानकारक उत्तर मला कुणी दिलं नाही. शेवटी ते शोधायला मला आमच्या गावच्या मांगरात जावं लागलं.

मांगरात अण्णांची मेटॅडोर होती. 'होती' हा शब्द जरा सैलपणाने वापरतो आहे. मागे लाकडी तळाचा उघडा हौदा, पुढे केबिन, आणि इंजिन ड्रायव्हर व क्लीनर यांच्या मधोमध पत्र्याच्या झाकणाखाली, अशी ती गाडी. नव्या मुलांना हे नाव ठाऊक नसेल. टेम्पो हे मुळात एका जर्मन कंपनीचं नाव. तिच्याशी करार करून 1958 साली बजाज टेम्पो कंपनीने आपल्याकडे तीनचाकी टेम्पो काढले, आणि मराठी माणसाने माल वाहणाऱ्या झाडून सगळ्या गाड्यांना टेम्पो म्हणायला सुरुवात केली. 2005 साली त्या कंपनीने स्वतःच्या नावातून टेम्पो काढून टाकला, तो फोर्स मोटर्स झाली. आपण मात्र अजून 'टेम्पो सांगितलाय' असंच म्हणतो. नाव राहिलं, नावाचा मालक बदलला. हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

अण्णांनी ही मेटॅडोर 1983 साली कर्ज काढून घेतली. आमचं गाव देवरुखपासून दोन कोसांवर. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या भरायच्या, साखरप्यावरून आंबा घाट चढायचा आणि पहाटे कोल्हापूरच्या बाजारात उतरवायच्या. एरवी चिरे, कौलं, गवताचे भारे, लग्नाची वऱ्हाडं आणि भाद्रपदात गणपती. पुढे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा 2008 साली अण्णांनी गाडी मांगरात उभी केली. 'तात्पुरती' म्हणाले होते. 2018 साली अण्णा गेले. गाडी तात्पुरतीच उभी राहिली.

कोकणात तात्पुरतं काही उभं करू नये. हवाच अशी, की दोन पावसाळ्यांत दाराची कडी गंजते. तांब्या-पितळेवर जी कळा चढते ती आतल्या धातूला राखते. गंजाचं तसं नाही. तो फुगतो, पापुद्रा होऊन गळतो, आणि आतलं कोरं लोखंड पुढच्या पावसाला उघडं करून देतो. म्हणजे लोखंडाला घसारा लावणारा हा कारकून रविवारीसुद्धा सुट्टी घेत नाही. पंधरा वर्षांत केबिनच्या तळाला अशी भोकं पडली होती, की आत बसून खालची कोंबडी दिसे. कोंबडीलाही आपण दिसत असू.

पुण्याचा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, भंगारात देऊन टाक." भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला. आई काहीच बोलली नाही. आई काही बोलली नाही की मला फार बोलल्यासारखं वाटतं. आणि मग 2023च्या जानेवारीत अस्मादिकांनी जाहीर केलं की आपण गाडी दुरुस्त करणार.

सौभाग्यवतीने विचारलं, "आणि मग काय करणार तिचं?"

हा प्रश्न इतका रास्त होता की मी रागावलो.

देवरुखचे एक मिस्त्री आले. त्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, दाराला हात लावला, दार हातात आलं. ते दार त्यांनी अदबीने भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, गाडी चांगली आहे." खर्चाचा आकडा चाळीस हजार सांगितला. मिस्त्री आणि डॉक्टर यांचा पहिला आकडा हा फक्त आपली छाती किती सोसते ते बघण्यासाठी असतो. केबिनचा तळ नवा घातला, मग दारांचे पत्रे, मग ब्रेकचे पाइप, वायरिंग, रेडिएटर, हौद्याच्या फळ्या. क्लच प्लेट हातात घेतली तर तिची पूड झाली. इंजिन खोललं तर पिस्टन चिकटून बसलेला. दर शनिवारी मी गावी जाई तेव्हा मांगराच्या एका बाजूला नवी गाडी वाढत असे आणि दुसऱ्या बाजूला जुन्या गाडीचा ढीग. आकडा एक लाख सत्त्याऐंशी हजारांवर गेला.

एका शनिवारी चिरंजीव बरोबर होते. ते इंजिनिअरिंगला आहेत, म्हणून तत्त्वज्ञान वाचतात. ते ढिगाकडे बघून म्हणाले, "बाबा, हे तर थीसियसचं जहाज!"

मला वाटलं एखाद्या सिनेमाचं नाव असेल. पण प्रकरण जुनं निघालं. थीसियस या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं, असं प्लुटार्क लिहितो. फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. त्यावरून तिथल्या तत्त्वज्ञांत वाद: जहाज तेच की दुसरं? पुढे 1655 साली हॉब्ज नावाच्या इंग्रजाने त्यात तेल ओतलं. समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचं पुन्हा जहाज बांधलं, तर खरं जहाज कोणतं? मी ढिगाकडे बघितलं आणि मिस्त्रींना विचारलं, "यातून दुसरी गाडी उभी राहील का हो?" मिस्त्री म्हणाले, "राहील. पण पैसे आधी द्या."

आपल्याकडेही हा प्रश्न सुटा नाही. पाली भाषेतल्या 'मिलिंदप्रश्ना'त नागसेन भिक्षू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, रथातून आलास ना? मग चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा सगळ्याला नाही म्हणतो, आणि शेवटी रथ हे नुसतं एक नाव ठरतं. म्हणजे टेम्पोसारखंच. उलट पुरीला जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती नवकलेवराच्या वर्षी बदलतात. 2015 साली बदलल्या. पण जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ अंधारात, डोळे बांधून, नव्या मूर्तीत ठेवतात आणि मग देव तोच. नागसेन म्हणतो आत काही नाही. पुरी म्हणते आहे, पण बघू नका.

माझा स्वभाव पडला कारकुनाचा. शंका आली की मी नियम बघतो. आरटीओच्या मते गाडी म्हणजे चेसिस नंबर. बाकी काय बदलायचं ते परवानगीने बदला, बुकात नोंद करा. मिस्त्रींनी चेसिसवरचा गंज पॉलिश पेपरने घासला, कागद ठेवून पेन्सिल फिरवली, तर आकडे उमटले. मला अगदी नाडी लागल्यासारखं झालं. रिझर्व्ह बँक याहून कडक. 50 रुपये आणि वरची फाटकी नोट घ्या. सर्वांत मोठा अखंड तुकडा 80 टक्क्यांहून अधिक असेल तर पूर्ण पैसे, 40 ते 80 टक्के असेल तर अर्धे, त्याखाली काही नाही. हा नियम लावला तर आमच्या मेटॅडोरचे अर्धेसुद्धा पैसे मिळत नव्हते. आणि केंद्र सरकारने 2021 साली जुन्या मोटारींसाठी वेगळी नोंदणी काढली खरी, पण गाडी खाजगी वापराची हवी, पन्नास वर्षांहून जुनी हवी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. पन्नास वर्षं व्हायला आम्हाला 2033 उजाडणार. फेरफाराचं तर बोलूच नका.

राहता राहिला फाळका. हौद्याच्या मागचा हा फाळका जाड पत्र्याचा, त्याला गंज कमी. आणि त्याला एक पोचा होता, परातीएवढा.

1986च्या जुलैत, धुवांधार पावसात, रात्री दोन वाजता आईला कळा सुरू झाल्या. अण्णांनी तिला केबिनमध्ये बसवलं, मला इंजिनच्या झाकणावर. मी सात वर्षांचा. अण्णांसारखा घाटात रात्री बिनचूक गाडी हाकणारा माणूस, पण त्या रात्री अंगणातून मागे घेताना गाडी थेट जांभ्याच्या गडग्यावर आदळली. गडग्याचे चार चिरे पडले. अण्णा उतरलेसुद्धा नाहीत. पहाटे देवरुखला धाकटा जन्मला. हो, तोच. भंगारात दे म्हणणारा.

मी मिस्त्रींना बजावलं होतं, "सगळं नवं करा, पण या पोच्याला हात लावायचा नाही." तोच माझा ब्रह्मपदार्थ होता. मग मार्चअखेर आली. बँकेतल्या माणसाला मार्चअखेरीस स्वतःचं नाव आठवत नाही, गाडी कुठली आठवायला. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी गेलो, तर फाळका आरशासारखा सपाट! ठोकून, लांबी भरून, निळा रंग मारलेला. मिस्त्री हसत म्हणाले, "त्याचे पैसे नाही लावले, साहेब. आपल्याकडून."

मी काय बोलणार? माणूस चांगुलपणा करून बसला होता. मी गडग्यावर जाऊन बसलो. ऐन वयात बाप गेल्यासारखं रडू येत होतं, आणि गेला तेव्हा मात्र मी पेन्शनच्या कागदांत गुंतलो होतो.

आई काठी टेकत आली. गाडीभोवती फिरली, फाळक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काढलास होय पोचा? बरं केलंस."

"बरं काय केलं, आई? तीच तर खूण होती."

"तुझी असेल," आई म्हणाली. "त्यांना किती लाज वाटायची त्याची. बाजारात गेले की गाडी मागच्या बाजूने भिंतीला लावून उभी करायचे. दर दिवाळीला म्हणायचे, यंदा पोचा काढायचाय. पण एका वर्षी तुमच्या फिया, एका वर्षी टायर. राहिलाच."

मी गप्प. ज्याला मी वडिलांची आठवण म्हणून जपत होतो, ती त्यांच्या लेखी न भागलेली एक गरज होती. आपण आई-बापांचा ठिगळाचा कोट काचेच्या कपाटात ठेवतो आणि गहिवरतो. त्यांना बिचाऱ्यांना आयुष्यभर नवा कोट हवा असतो. हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही मिस्त्रींनी माझं ऐकलं नाही म्हणून.

तरी मी कारकुनासारखा शेवटचा आक्षेप काढला. "पण आता यात अण्णांचं असं काय उरलं? सगळं तर नवं."

आई केबिनच्या पायरीवर बसत म्हणाली, "अरे, मूळचं त्यांनीच कुठे काही ठेवलं होतं? इंजिन शहाण्णव साली बदललं, ते तू पुस्तकात बघ. सीट दोनदा शिवली. आणि त्यांचं स्वतःचं तरी? शेवटी कवळी, डोळ्यांत भिंगं, छातीत ती स्प्रिंग. म्हणून मी काय दुसरा नवरा समजत होते?"

यावर नागसेनसुद्धा गप्प बसला असता.

बुक काढून बघितलं. होती, इंजिन बदलल्याची नोंद होती. म्हणजे मी जी 'मूळ' गाडी वाचवायला निघालो होतो, ती मी सतरा वर्षांचा असतानाच संपली होती. अण्णा चोवीस-पंचवीस वर्षं करत होते तेच मी तीन महिने केलं, फक्त जास्त पैसे घालवून. मधली पंधरा वर्षं कुणी काही केलं नाही, तेवढ्यापुरती ती अण्णांची गाडी राहिली नव्हती. हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी पटलं.

गणपतीत धाकटा आला. मेटॅडोर मांगरातून फाटकापर्यंत जाते आणि परत येते. फिटनेस नसल्यामुळे त्यापुढे तिला रस्ता नाही. सौभाग्यवतीने या प्रवासाचा पावलागणिक खर्च काढून ठेवला आहे, तो मी इथे देत नाही. धाकट्याने दोन फेऱ्या मारल्या, खाली उतरला, मागे गेला आणि ओरडला, "दादा, माझा पोचा कुठे आहे?"

भंगारवाल्याच्या हाती देताना त्याला पोचा आठवला नव्हता. मी काही म्हणालो नाही. आई मात्र खो खो हसत सुटली, आणि मग तिने पदराने डोळे पुसले. ते हसण्याचे होते की कशाचे, ते मी विचारलं नाही.

त्या रात्री मी गाडीचा हिशेब लिहायला बसलो. खर्चाची बाजू सोपी होती. पोच्याचं काय करावं ते कळेना. धाकटा म्हणतो ती मालमत्ता होती, ती गेली. आई म्हणते ते देणं होतं, ते फिटलं. मी दोन्ही बाजूंना 13 रुपये 29 पैसे लिहिले. बेरीज जुळली, आणि मी वही मिटली.