बरोबरीतला डाव

स्पर्धेच्या हॉलमधून पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येणारी मुले एक वाक्य हमखास बोलतात : ‘सर, डाव ड्रॉच होता!’ इतक्या वर्षांत हे वाक्य मी वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वयाच्या मुलांकडून ऐकले आहे आणि ते बहुतेकदा खरे असते. स्कोअरशीट उलगडून पट मांडला की दिसते, पस्तिसाव्या चालीपर्यंत खरोखरच दोन्ही बाजू समान होत्या. मोहरे कमी झाले होते, राजे सुरक्षित होते. नेमके तिथेच मूल मनाने खुर्चीवरून उठलेले असते. हात तेवढे पटावर राहिलेले असतात.

चुका हल्ल्याखाली होतात असे पालकांना वाटते. मला तसे दिसत नाही. राजावर वजीर आणि हत्ती चालून येत असतात तेव्हा दहा वर्षांचे मूलसुद्धा श्वास रोखून विचार करते. चूक होते ती संकट टळल्यावर, दोन-तीन चालींनी. किंवा एक घोडा जास्त मिळाल्यावर. किंवा चाळिसावी चाल वेळेत करून घड्याळात नवी मिनिटे जमा झाल्यावर. ताण उतरतो आणि त्याच्याबरोबर समोरच्याच्या चालीकडे पाहण्याची सवयही उतरते. म्हणून माझ्याकडच्या मुलांना मी सांगतो, सुटलो असे वाटले की पुढच्या चालीला मुद्दाम दुप्पट वेळ द्या. हातात वेळ कमी असला तरी द्या.

ही काही फक्त शाळकरी मुलांची अडचण नाही. १२ डिसेंबर २०२४ चा सिंगापूरचा डाव घ्या. जगज्जेतेपदाच्या लढतीतला हा चौदावा, शेवटचा डाव. गुकेश आणि डिंग लिरेन यांचे गुण समान होते. पटावर दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट आणि थोडी प्यादी. गुकेशकडे एक प्यादे जास्त. तरीही हा डाव बरोबरीत सुटेल आणि लढत टायब्रेकवर जाईल असेच सगळे धरून चालले होते. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्तींची मारामारी देऊ केली. मोहरे कमी झाले की धोका कमी होईल, हा साधा, माणसाला अगदी साहजिक वाटणारा विचार. पण त्याचा उंट कोपऱ्यातल्या घरात अडकलेला होता. हत्ती गेल्याबरोबर गुकेशने आपला उंट मध्यभागी आणून उंटांचीही मारामारी करायला भाग पाडले आणि उरला तो राजा-प्याद्यांचा हरलेला डाव. तीन चालींनी डिंगने हार मान्य केली. अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला.

डिंगला त्या चालीवरून नावे ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. तीन आठवडे जगातला सगळ्यांत कठीण ताण सोसलेला तो माणूस होता आणि त्या संध्याकाळी त्याला काय हवे होते ते मी समजू शकतो. त्याला डाव संपवायचा होता. संपवण्याची ही ओढ वजिरापेक्षा बलवान असते. तिला आवर घालणे शिकवता येते का, हा प्रशिक्षक म्हणून माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. ओपनिंगच्या चाली कोणीही पाठ करून घेईल.

थोडेफार शिकवता येते. शेवटचे मोठे मोहरे मारण्याआधी उरणारा प्याद्यांचा डाव अखेरपर्यंत मोजायचा, हा माझ्याकडचा कडक नियम आहे. अंदाजाने नाही, राजा कोणत्या घरात कितव्या चालीला पोहोचतो, हे घर धरून सांगायचे. मारामारी झाली की तो हत्ती परत येत नाही. प्याद्यांच्या डावात ‘साधारण बरोबर’ अशी अवस्थाच नसते. तिथे एका चालीच्या फरकाने जिंकतात किंवा हरतात. कापाब्लांकाने डावाच्या शेवटापासून शिकायला सांगितले, त्यामागचे एक कारण मला हेच वाटते. थोड्या मोहऱ्यांत आपल्या प्रत्येक निर्णयाचा परिणाम उघडा दिसतो.

ही गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवी. ३ डिसेंबर २०२१ ला दुबईत कार्लसन आणि नेपोम्नियाची यांचा सहावा डाव १३६ चालींचा झाला. जगज्जेतेपदाच्या इतिहासातला तो सर्वांत लांब डाव. पावणेआठ तास चालला. त्याआधीचे पाचही डाव बरोबरीत सुटले होते आणि हाही शेवटच्या टप्प्यापर्यंत अचूक बचाव केला तर सुटणाराच होता. कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, समोर एकटा वजीर. तो रात्री उशिरापर्यंत एवढेच करत राहिला की दर चालीला समोरच्याला एक छोटासा नवा प्रश्न विचारायचा. जिंकण्याची खात्री त्याच्याकडेही नव्हती. उठून जायचे नाही, एवढे मात्र ठरलेले होते. नेपोम्नियाची तो डाव हरला, आणि पुढच्या पाच डावांत आणखी तीन हरला.

हे ‘आणखी तीन’ मला महत्त्वाचे वाटतात. स्पर्धेत हरलेला डाव पुढच्या फेरीतही येऊन बसतो. आपल्याकडे एका दिवसात दोन-तीन फेऱ्या असतात. मधल्या तासाभरात मूल डबा खाईपर्यंत बाबांनी मोबाइलवर डाव तपासणारे इंजिन उघडलेले असते आणि ‘इथे तू जिंकत होतास’ असे आकड्यासकट दाखवलेले असते. त्या मुलाची पुढची फेरी तिथेच बिघडते. दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिन बंद, यावर मी पालकांशी भांडायलाही तयार असतो. डाव घरी गेल्यावर पाहावा आणि तोही आधी मुलाने स्वतःच्या अक्षरात आपला विचार लिहिल्यावर. इंजिनला उत्तर माहीत असते. पण तिसाव्या चालीला आपल्या मुलाच्या मनात काय होते, ते त्याला ठाऊक नसते.

सांगलीच्या उन्हाळी स्पर्धा ज्यांनी अनुभवल्या, त्यांना संयमाचे हे शिक्षण वेगळे घ्यावे लागले नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी उभ्या केलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने त्या गावाला बुद्धिबळाचे वेडच लावले. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे तिथल्याच. मेच्या उकाड्यात हॉलमध्ये पंख्यांचा आणि घड्याळे दाबल्याचा आवाज, भिंतीवर चिकटवलेल्या जोड्यांच्या यादीपुढे गर्दी, रात्री मुक्कामी सतरंजीवर छोटे पट मांडून पुन्हा तेच डाव. तेव्हा लांबलेला डाव तहकूब होत असे. पुढची चाल गुप्तपणे लिहून पाकीट पंचांकडे द्यायचे आणि मग रात्रभर त्या एकाच स्थितीकडे पाहत बसायचे. इंजिन आल्यावर ही पद्धत गेली आणि ते योग्यच झाले. पण एका साध्या दिसणाऱ्या स्थितीत किती दडलेले असते, हे त्या रात्री शिकवून जात. आज तेवढा वेळ एका स्थितीला देणारे मूल मला क्वचित दिसते.

बारा वर्षांखालच्या मुलांनी ड्रॉ मागू नये, असे माझे मत आहे. शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणाने बक्षीस पक्के होत असेल तर पालक नाराज होतात, हे मी जाणतो. बरोबरी नीट लढून मिळवली तर ती मानाची असते. बारा चालींत हात मिळवून घेतलेल्या अर्ध्या गुणाने मूल काही शिकत नाही आणि थकल्यावर विचार कसा करायचा, हे शिकण्याची एक संधी मात्र जाते.

वर्गात मोठ्या मुलांपुढे मी १९६२ च्या वार्ना ऑलिम्पियाडमधला बोट्विनिक-फिशर डाव मांडतो. फिशर एका प्याद्याने पुढे, डाव तहकूब. रात्रीच्या विश्लेषणात सोव्हिएत संघातल्या गेलरला हत्तींच्या त्या शेवटात बचावाची कल्पना सापडली आणि बोट्विनिकने डाव वाचवला. फिशरने पुढे आपल्या पुस्तकात आपण जिंकू शकलो असतो असे दाखवले. त्यानंतर काही वर्षांनी, बोट्विनिकच्याच शाळेतल्या तेरा वर्षांच्या कास्पारोव्हने त्या विश्लेषणालाही उत्तर शोधले. मी मुलांचे दोन गट करतो. एक फिशरच्या बाजूने, दुसरा बोट्विनिकच्या. मोबाइल माझ्या टेबलावर ठेवायचे आणि सुट्टीची वेळ झाली तरी कोणी विचारल्याशिवाय मी उत्तर सांगत नाही.