दुकानाची पायरी

पुण्याच्या पेठांतील जुनी दुकाने अलीकडे एकामागून एक नवा पोशाख चढवीत आहेत. लाकडी फळ्या जाऊन काचेची तावदाने आली, कडाप्पा जाऊन ग्रॅनाइट आला. परंतु रस्त्यावरून वर चढण्याच्या तीन पायऱ्या मात्र होत्या तेथेच राहिल्या, आणि नव्या दगडाच्या चकाकीमुळे पूर्वीपेक्षा अधिक निसरड्या झाल्या.

त्या पायऱ्यांना दोष देण्यापूर्वी त्यांची कैफियत ऐकणे न्यायाचे होईल. जोते उंच बांधले ते पावसाचे पाणी मालाला लागू नये म्हणून. शिवाय गादीवर बसलेला दुकानदार आणि रस्त्यावर उभे असलेले गिऱ्हाईक यांची दृष्टी त्या उंचीमुळेच समपातळीवर येई. माल आतून बाहेर येत असे, गिऱ्हाईक बाहेरून आत जात नसे. म्हणून ज्याला चढणे अशक्य, त्याचेही काही अडत नव्हते. नूतनीकरणाने ही व्यवस्था उलटी केली. आता गिऱ्हाइकाने आत शिरून, मांडणीपुढे फिरून, आपल्या हाताने वस्तू निवडावी असा रिवाज पडला. आणि जी पायरी काल निरुपद्रवी होती, तीच आज चाकांच्या खुर्चीतल्या मनुष्याला अडविणारी चौकी झाली. अडथळा जुन्या बांधणीने नव्हे, तर तिचा उपयोग बदलताना तिच्याकडे न पाहणाऱ्यांनी निर्माण केला, असे मला वाटते.

दुकानमालकाची अडचण खोटी नाही. उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे दीड फुटांच्या चढाला अठरा फुटांचा उतार, आणि दाराबाहेरचा पदपथ तर महापालिकेच्या मालकीचा! मग कित्येक जण चार फुटांत उतार संपवून मोकळे होतात. त्याला घसरगुंडी म्हणणे अधिक यथार्थ. वास्तविक खाली तळघर नसेल, तर फरशी उखडलेली असतानाच दर्शनी भागाची जमीन रस्त्याच्या पातळीस उतरवून उर्वरित चढ आतल्या आत वळवून घेता येतो. हेच काम नवी फरशी बसल्यावर करावयाचे म्हटले, तर खर्च दुप्पट आणि इच्छा निम्मी.

कायद्याचे म्हणावे, तर 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने लोकांच्या उपयोगाची खासगी इमारतही सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत घेतली, आणि जुन्या इमारतींना नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम 2017 साली निघाले. मुदत केव्हाच सरली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असून चालणार नाहीत, असे बजावावे लागले.

तरीही उतार ही कल्पना आपल्याला परकी आहे, असे कोणी म्हणू नये. पेठेतल्या वाड्याच्या दारात रात्री स्कूटर आत घेण्यासाठी पायऱ्यांवर फळी टाकण्याची सोय कित्येकांनी कोणत्याही अधिनियमावाचून केली आहे. इतक्या उभ्या फळीवर चाकांची खुर्ची चढणार नाही, हे खरे. पण वाहनाचा विचार तेवढा झाला होता. सकाळी ती फळी भिंतीला टेकून ठेवलेली असते.