उद्यापनाचा गड

अनेक वर्षे चालत आलेल्या संकल्पाची सांगता कोणत्या चढणीवर व्हावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याच्या उत्तरावरून त्या संकल्पाचे खरे स्वरूप ओळखता येते. महाराष्ट्रात दुर्गभ्रमणाचे व्रत घेतलेल्यांची संख्या आज थोडी नाही. गो. नी. दांडेकरांनी जो छंद आयुष्यभर पायांनी आणि लेखणीने जोपासला, त्याच्या ओढीने घराबाहेर पडणारी ही माणसे गडांची यादी करतात, पाहून झालेल्या नावापुढे खूण करतात, आणि यादी सरत आली म्हणजे त्यांतील पुष्कळांना वाटू लागते की शेवटचा गड दुर्घट असावा, अलंग-मदनासारखा दोराच्या आधारावाचून हाती न लागणारा असावा. मला याच्या उलट म्हणावयाचे आहे. दीर्घ संकल्पाची अखेरची चढण सोपी असावी, आणि शक्य तर ती आपल्याच मुलखातली असावी.

विदर्भाच्या सरहद्दीवरील राजुऱ्याच्या माझ्यासारख्या रहिवाशाला असा गड शोधीत फिरावे लागत नाही. राजुऱ्याहून गडचांदूर गाठावे. तेथून जिवतीकडे निघालेला रस्ता सिमेंटच्या कारखान्यांचा सपाट प्रदेश मागे टाकून सागाबांबूच्या रानात शिरला आणि डोंगर चढू लागला, की माणिकगडाचा परिसर लागतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच, आणि हा गड सुमारे ५०० मीटर. त्यातही पुष्कळशी उंची रस्त्यानेच आपल्या पदरात टाकलेली. माना जमातीच्या नागवंशी राजांनी तो बांधला असे परंपरा सांगते. पुढे तो चांद्याच्या गोंड राजांकडे आला, आणि १७५१ साली त्या राज्याचा अंमल नागपूरकर भोसल्यांनी संपविला. काळ्या पाषाणाचे तट, त्यांच्या सांध्यांत शिरलेली झाडांची मुळे आणि आत माजलेले रान, एवढेच वैभव आज तेथे उरले आहे.

हा गड यादीच्या शेवटी राहतो तो केवळ सोपा म्हणून नव्हे, विस्मरणामुळेही राहतो. आमच्या दुर्गप्रेमाचे केंद्र सह्याद्री आहे, आणि शिवकालाच्या तेजाने ते केंद्र उजळलेले असणे स्वाभाविकही आहे. युनेस्कोने २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले, त्यांतील ११ महाराष्ट्रात आहेत. पण विदर्भातला त्यांत एकही नाही. राजुरा तालुक्याचे दप्तर तर कित्येक वर्षे कचेऱ्या बदलीत राहिले. १९४८ पर्यंत येथे निजामाची सत्ता होती. त्यानंतरही हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात राहिला, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यात येऊन नांदेडला जोडला गेला, आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. आजही जिवतीकडील १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये आपला हक्क सांगतात. सरहद्दीवरच्या मुलखाची नोंद सगळ्यांच्याच वहीत उशिरा होते. ती शेवटी का होईना पण मानाने व्हावी, यासाठी तरी अशा गडाला सांगतेचे स्थान द्यावे.

परंतु सोप्या चढणीचा खरा कैवार घ्यावयाचा तो याहून सखोल कारणासाठी. आमच्या पूर्वजांना व्रताचे मर्म पुरते कळले होते. सोळा सोमवार उपवास कडक असतील, पण सतराव्या सोमवारचे उद्यापन कडक नसते. त्या दिवशी सोयरेधायरे, शेजारीपाजारी बोलावून प्रसाद वाटावयाचा असतो. व्रत एकट्याने करावे, त्याची सांगता मात्र चारचौघांत व्हावी, असा हा दंडक आहे. पंढरीच्या वारीची आखणी पाहा. आळंदीहून निघालेल्या पालखीला दिवेघाटाची चढण प्रवासाच्या आरंभीच भेटते. शेवटची वाखरी ते पंढरपूर ही मजल सपाट आणि आखूड आहे. वाखरीला निरनिराळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, आणि ज्यांना सगळी वाट चालणे झेपले नाही अशी म्हातारीकोतारी व लेकुरवाळी माणसेही एवढे अंतर चालून विठ्ठलाच्या दारी पोहोचतात. घाट शेवटच्या दिवशी आला असता, तर पराक्रम वाढला असता आणि वारी लहान झाली असती.

हेच शहाणपण दूरच्या देशातही आढळते. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली स्कॉटलंडमधील ३००० फुटांवरच्या पर्वतांची यादी प्रसिद्ध केली, आणि ते सर्व चढण्याचा ध्यास पुढे पिढ्यान्‌पिढ्यांना लागला. स्वतः मन्रो यांनी कार्न क्लोइख-वुलिन हा सौम्य पर्वत अखेरच्या चढाईसाठी राखून ठेवला होता. १९१९ साली त्यांचे देहावसान झाले. तो पर्वत चढावयाचा राहिला आणि स्काय बेटावरचा एक अवघड सुळकाही राहिला. पण यादीचा कर्ताच यादी पुरी न करता गेला म्हणून त्यांचे आयुष्य कोणी अपुरे मानीत नाही. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधील २१४ डोंगरांची वर्णने लिहिणाऱ्या आल्फ्रेड वेनराइट यांचा लाडका डोंगर हेस्टॅक्स. त्याची उंची अवघी ५९७ मीटर, आणि १९९१ साली त्यांच्या अस्थी तेथेच विखुरल्या गेल्या. उंचीचा हिशेब आयुष्यभर मांडणाऱ्यांनीही प्रेम जडविताना उंची पाहिली नाही.

या विचाराने मी माणिकगड शेवटचा ठेविला. सह्याद्रीतल्या चढणींवर ज्यांना नेता आले नव्हते ती घरची वडीलधारी माणसे बरोबर होती, मुलेबाळे होती, आणि ज्यांचा या रानाशी माझ्याहून जुना संबंध आहे असे कोलाम आणि गोंड शेजारीही होते. मोह कोणत्या दिवसांत वेचावा, तेंदूचे पान केव्हा तोडावयाचे, हे त्यांच्या तोंडून ऐकताना एक गोष्ट मला उमगली. इतकी वर्षे मी गडांकडे राजांचे आणि लढायांचे दस्तऐवज म्हणून पाहत आलो. पण तटाबाहेरच्या रानात ज्यांनी दर उन्हाळा काढला, त्यांच्या जगण्याची बखर कोणी लिहिली नाही आणि तीही गडाच्याच इतिहासाचा भाग आहे. अवघड चढणीवर सारे लक्ष पुढच्या पावलावर खिळलेले असते. सोप्या वाटेने ते लक्ष मोकळे केले, म्हणून हे बोलणे कानावर आले.

जवळच्या गडाचा आणखी एक गुण असा, की यादीतून त्याचे नाव पुसले गेले तरी त्याच्याशी आपला संबंध संपत नाही. दूरच्या गडावर माणूस बहुधा एकदाच जातो. जवळच्या गडावर जाऊन आणखी कोणता चिरा ढळला, कोणी कोठे खणले, कोणत्या बुरुजावर पिंपळ रुजला, हे दरसाल पाहता येते आणि योग्य त्या कचेरीत त्याची वर्दी देता येते. व्रत पुरे झाल्यावर व्रतस्थाने रिकामे होऊ नये. पाहण्याचा अधिकार ज्याने इतक्या वर्षांच्या पायपिटीने मिळविला, त्याच्यावर राखण्याचे कर्तव्य येऊन पडते, आणि ते कर्तव्य ज्या गडावर वारंवार जाता येते तेथेच बजाविता येते. म्हणून ज्या कोणाची यादी सरत आली असेल, त्याने आपल्या तालुक्यातला विसरलेला, सोपा गड अखेरीस ठेवावा, चार माणसे बरोबर न्यावीत, आणि पुढच्या साली पुन्हा तेथे जावे.