बुडालेल्या रानावरची पाखरं

घटस्थापना झाली की आमच्या बांधावर परीट येतो. काळापांढरा, सडपातळ पक्षी. शेपूट सारखी खालीवर आपटतो, दगडावर धुणं आपटावं तशी. पुस्तकात त्याला धोबी म्हणतात. तो दिसला की पाऊस परतीला लागला असं आम्ही धरून चालतो. मग हस्ताची एखादी सर येऊन जाते, ज्वारीच्या पेरण्या उरकतात, तारांवर भिंगऱ्यांच्या ओळी लागतात आणि उजनीच्या फुगवट्यावर पाहुणी पाखरं उतरायला लागतात.

लोक इकडं येतात ते थंडीत, फ्लेमिंगो बघायला. रोहित हे त्याचं नाव आता कुणी घेत नाही. पण मला आवडतो तो दसरा-दिवाळीचा काळ. धरण काठोकाठ भरलेलं असतं, गाळ कुठं उघडा पडलेला नसतो, म्हणून लांब पायांच्या पाखरांना मोठ्या पाण्यात उभं राहायला जागा नसते. ती मग आमच्या पाणथळीत येतात. ओढ्यांची तोंडं, पाझर लागून चोपण झालेली रानं, पाणकणसाची बेटं. लाल काटक्यांसारख्या पायांचे शेकाटे, चिखल टोचत फिरणारे तुतवार, जांभळ्या पाणकोंबड्या. वरून भोवत्या घिरट्या घालतो आणि एकदम सगळी पाखरं उठतात. मोठ्या पाण्यावर चपट्या चोचीचे थापटे आणि टोकदार शेपटीची तलवार बदकं येतात, नारिंगी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीनं दिसतात. पट्टकदंब उशिरा येतो, बोचरी थंडी पडल्यावर. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हा हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. आम्हाला पंढरीला चालत जायचं तर आधी महिनाभर बेत चालतो.

ज्या चोपण तुकड्यात मेथीची जुडीसुद्धा पिकत नाही, तिथं सकाळच्या वेळी दोनशे पाखरं चरताना मी मोजली आहेत. आमच्या हिशेबात ती जमीन मेली. त्यांच्या हिशेबात तीच पिकाऊ.

आमचं जुनं गाव या पाण्याखाली आहे. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं. मी तेव्हा दहावी होऊन औत हाकायला लागलो होतो. इंदापूर, करमाळा, कर्जत या तालुक्यांतली नदीकाठची काळी रानं गेली आणि आम्ही माळावर आलो. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी फार आटलं की वर येतं, तेव्हा लोक फोटो काढतात. आमचं काही वर येत नाही. आमची विहीर साताठ पुरुष पाण्याखाली आहे, आणि दिवाळीच्या सुमाराला नेमका तिच्यावरच बदकांचा थवा बसलेला असतो.

माझी आत्या ऐंशीच्या पुढची. तिनं या पाण्याकडं कधी धड तोंड करून बघितलेलं नाही. आमच्या ओट्यावर बसायची ती पाण्याकडं पाठ करून. एकदा मी दुर्बीण घेऊन निघालो तर म्हणाली, “तुला बघवतं तरी कसं रं? बापाच्या रानावर बदकं पवत्यात आन् तू मोजीत बसतोस!”

मी म्हणालो, “आत्या, पाखरांनी काय केलंय? त्यांनी थोडंच रान घेतलं?”

“मी पाखरांना कुठं काय म्हणती? मी तुला इचारती.”

आणि हे खरंच होतं. पाखरं निर्दोष आहेत हे तिलाही कळत होतं. तिचा प्रश्न माझ्या डोळ्यांचा होता. जिथं आपल्या माणसांचं नुकसान झालं, तिथं उगवलेली सुंदर गोष्ट बघून सुखावणं बरं का? मी सुखावलो म्हणजे भरपाई पोचल्याची पावती फाडून दिली, असं होतं का?

यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. शेतकऱ्याला विचाराला वेळ भरपूर. दारं धरायला रात्री उभं राहिलं की दुसरं करायचं काय? पुण्याकडचे पाहुणे येतात, गळ्यात कॅमेरे. बहुतेक भली माणसं असतात. पण एखादा म्हणतो, “काका, बरं झालं हे धरण झालं, नाहीतर एवढे पक्षी कुठून दिसले असते!” तेव्हा मला आत्या आठवते. त्या माणसानं माझ्या हातून ती पावती परस्पर फाडून घेतलेली असते. पाखरांची वही वेगळी आणि आमची वही वेगळी. एकीतली जमा दुसरीत मांडता येत नाही. थवा कितीही मोठा असो, त्यानं विहिरीचं खातं मिटत नाही.

उलटही तेवढंच खरं. विहीर गेली म्हणून थवा कुरूप होत नाही. चक्रवाकाची हाक ऐकून मला बरं वाटतं, ते मुद्दाम दाबून टाकलं तर बापाला काय मिळणार आहे? आणि या पाण्यात कुणाचे हात कोरडे आहेत? मुळा-मुठेतून शहराचं सांडपाणी भीमेत येतं, भीमेतून इथं. जलपर्णी माजते, पाणी हिरवं होतं. बघायला येणारे आपलंच पाणी बघायला येतात. माझाही तीन एकर ऊस याच पाण्यावर आहे, पाइपलाइन टाकून. आत्याच्या चहातली साखरसुद्धा इथलीच. हे मी तिला बोललो नाही. ऐंशीच्या बाईला चहाच्या कपावरून हिणवायचं नसतं.

पाखरांना पाहुणे म्हणायची सवय लागली आहे, पण पाहुणा कोण, हेही एकदा बघायला हवं. धरण नव्हतं तेव्हाही थंडीत नदीकाठच्या रानांत कांड्या करकोचे उतरायचे. वडील गोफण घेऊन त्यांना उठवायचे आणि खळं झालं की बांधालगतची चार कणसं तशीच ठेवायचे. पाखरांचा वाटा म्हणायचे. हाकलणं आणि वाटा ठेवणं, दोन्ही एकाच माणसाचं. माणूस त्यात ढोंगी वाटत नव्हता. पोटही बघायचं आणि दुसऱ्याचं पोटही विसरायचं नाही, एवढाच तो व्यवहार.

पण वडिलांचा वाटा स्वतःच्या सातबाऱ्यातला होता. खरी अडचण गाळपेरीची. पौष-माघाच्या पुढं पाणी उतरायला लागलं की कडेची गाळाची जमीन उघडी पडते. रीतसर परवानगी काढून तिथं मका, कडवळ, कलिंगड करता येतं. त्याच ओल्या गाळात रोहित, शेकाटे, तुतवार यांचं खाणं असतं. त्या पट्ट्यावर आता माझं नाव नाही. घाम माझ्या आज्याचा, कागद सरकारचा, पोट पाखरांचं. आणि कलिंगडाला भाव असला तर पोट आमचंही. पोराला पाण्याच्या कडेपर्यंत पेरायचं आहे, फवारा मारून, इंजिन बसवून. पुतण्या होडी चालवतो. चिलापी धरता धरता तो पाहुण्यांना पाखरं दाखवायला लागला, त्याला कडा मोकळी हवी. एकाच घरात दोन मतं.

माझं म्हणणं असं की पाण्यालगतचा पट्टा सोडावा, दहाबारा पावलांचा. माझा कागदावरचा हक्क गेलेला आहे, म्हणजे मी तो देतोय असंही म्हणता येत नाही. नुसता हात आखडायचा. पोरगं म्हणतं, “दादा, आपण सोडलं तर शेजारचा पेरील. पाखरांना काय मिळालं?” याला माझ्याकडं चोख उत्तर नाही. वडिलांच्या चार कणसांवरही शेजाऱ्याची जनावरं यायचीच. तरी ते ठेवायचे, आणि त्यांना कुणी खुळा म्हटलेलं मी ऐकलं नाही.

यंदा आत्यानं कान दिला. ओट्यावरून पाठमोरीच बसून म्हणाली, “त्यो पट्टा कुठं येतो रं? आपल्या चिंचेच्या अलीकडं का पलीकडं?” चिंच पाण्यात गेल्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. मी अंदाजानं सांगितलं, अलीकडं. पोरानं वाद थांबवला नाही, पण इंजिनाची गोष्ट संक्रांतीनंतर बोलू म्हणाला. धरण अजून भरलेलंच आहे.