झुराराचे अश्रू

१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले, पूर्वेकडचा व्यापारी मार्ग बंद झाला, म्हणून युरोपियन लोक समुद्रावर निघाले, असे आम्ही शाळेत पाठ केले होते. वाक्य सुटसुटीत आहे, परीक्षेला सोयीचेही आहे. पण पोर्तुगिजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचे सेउटा घेतले ते १४१५ साली, आणि त्यांचे जहाज आफ्रिकेचे बोजादोर भूशिर ओलांडून गेले ते १४३४ साली. म्हणजे दार लागण्यापूर्वीच मंडळी खिडकीतून बाहेर पडली होती!

मग ती निघाली कशासाठी? होकायंत्र युरोपात केव्हाच आले होते. टॉलेमीचा भूगोल पंधराव्या शतकाच्या आरंभी लॅटिनमध्ये उतरला होता. तिकोनी शिडाची हलकी जहाजे वाऱ्याच्या तोंडावर तिरकी चालवता येत. सहाराच्या पलीकडून येणारे सोने कोठून येते, हे पाहायचे होते. आणि मुसलमानांशी चाललेले धर्मयुद्ध तर जुनेच. ज्ञान, द्रव्य आणि धर्म यांचा हा पीळ मला उलगडता येत नाही. जिज्ञासा तेवढी बाजूला काढून तिची आरती ओवाळणाऱ्यांवर माझा विश्वासही नाही.

या मोहिमांमागे होता पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री. 'नाविक' म्हणून तो प्रसिद्ध आहे, पण दूरच्या एकाही सफरीवर स्वतः गेला नाही. त्याचा बखरकार झुरारा ८ ऑगस्ट १४४४ची हकिकत सांगतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून धरून आणलेली २३५ माणसे लागुश गावाबाहेरच्या मैदानात उभी केली आणि त्यांचे वाटे घालायला सुरुवात झाली. नवरा एका वाट्यात, बायको दुसऱ्या. मुले आईबापांकडे धाव घेत. आया मुलांना पोटाशी धरून जमिनीवर पालथ्या पडत आणि मार सोशीत. हेन्री घोड्यावर बसून हे पाहत होता. पाचवा हिस्सा म्हणून ४६ माणसे त्याच्या वाट्याला आली.

आणि झुरारा लिहितो की, हीही आदामाचीच लेकरे आहेत, त्यांच्या दुःखाने मला रडू येते.

पूर्वजांना त्यांच्याच काळाच्या मापाने मोजावे, असे आपण नेहमी ऐकतो. मलाही ते बरेचसे पटते. पण झुरारा त्याच काळातला, त्याच दरबारातला, हेन्रीचा भक्त. त्याला रडू आले, त्या अर्थी माप तेव्हाही होते. पुढे तो डोळे पुसतो आणि समाधान मानतो, की देह बंदीत पडले तरी बाप्तिस्म्याने या लोकांचे आत्मे तरले. दगडाच्या काळजाच्या माणसापेक्षा मला या हळव्या माणसाचीच अधिक भीती वाटते. पहिल्याला दिसतच नाही. याला दिसते, आणि तरी याच्यापाशी उत्तर तयार असते. १४५५ साली पोपच्या आज्ञापत्राने त्या उत्तरावर शिक्काही उठला. त्याच वाटेने गामा १४९८ साली कालिकतला पोचला आणि १५१० साली गोवे पडले.

आज फराळाच्या ताटातला काजू आणि मिरची या दोन्ही वस्तू याच पोर्तुगिजांच्या जहाजांनी अमेरिकेतून आपल्याकडे आणल्या. मी त्या आवडीने खातो, खात राहणार. त्यासाठी उपास करा, असे मी कोणाला सांगणार नाही. पण 'शोधयुगा'चे गोडवे कानी आले की मला लागुशचे ते मैदान आठवते. झुराराने मोहिमेच्या सरदाराचे नाव नोंदले आहे. जमिनीवर पालथ्या पडलेल्या त्या बायांपैकी एकीचेही नाव तिथे नाही.